हळू आवाज

६ जाने.
मुक्ता आजही कॉलेजला गेली नाही. बारावी, परीक्षा तोंडावर आणि ही दार लावून पडलेली. काय झालं गो, विचारलं तर भिंतीकडे तोंड. मग माझं तोंड सुटलं ते सुटलंच. शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतलीन. कंपनीत कोलंबी सोलणाऱ्या हॉलभर बायका सांभाळते, तिथे कधी आवाज चढत नाही. घरात एक पोर, तर घसा बसतो. लाज वाटते.

८ जाने.
ठरवलं. घरीपण कंपनीसारखंच. कुणाचं चुकलं तर चारचौघींत बोलायचं नाही. बाजूला घ्यायचं, खुर्ची, पाणी, हळू बोलणं. मु.ला बसवलं. 'तुझ्यावर राग नाही. जरा बोलूया.' ती पांढरीफटक. पाण्याला हात लावला नाही. पण मी ओरडले नाही हां.

११ जाने.
ह्यांचा जहाजावरून फोन. 'आवाज उतरलाय तुझा, बरं नाही काय?' म्हटलं, सुधारल्ये. हसले. मु.ने फोन घेतलान, 'बरी आहे' म्हणाली, परत दिलान. हल्ली सांगायच्या आत भांडी घासते, आंगण झाडते. जेवण चिमणीएवढं. कॉलेज नाहीच. येईल हळूहळू लाइनवर.

१४ जाने.
संक्रांत. गोड बोला म्हणायची आमच्याकडे गरजच नाही आता. मु.ने लाडू हातात धरून ठेवलान. खाल्ला नाही.

१६ जाने.
परत बसवलं, पाणी पुढे केलं. म्हणाली, 'मी कधी निघायचंय?'
कुठे?
'रेखामावशीला असंच पाणी दिलं होतंस. राग नाही, असंच म्हणालीस.'
मेच्या सुट्टीत मु. आमच्या कंपनीत पॅकिंगला होती. रेखाच्या हातून सारखा माल खराब व्हायचा. एक दिवस बाजूला घेतलं, समजावलं, दुसऱ्या दिवसापासून रेखा कामावरून बंद. मु.ने ते सगळं बघितलंन.
कंपनीत मला ओरडावं लागत नाही, कारण तिथे माणूस काढता येतं. इतकी वर्षं ह्यालाच मी शांत स्वभाव समजत होते.
तिचं कपाट उघडलं. बॅग भरलेली.

१८ जाने., रवि.
कुळथाचं पिठलं केलं, तिच्या आवडीचं. पूर्वीसारखी हाक मारायची होती, अगो मेल्ये, गिळायला ये. तोंडातून आलं, 'मुक्ता, जरा येतेस?' कंपनीतलाच आवाज.
आली. खांद्याला बॅग. 'पाणी नको मला.'
कुठे जाणार, कुणाकडे, सांगेना. कॉलेजात काय झालं तेही नाही. मी दार अडवून उभी. तुला कोण काढतंय गो, म्हटलं, तेही हळूच.
'आई, एकदा ओरड ना.'
तोंड उघडलं. आवाज फुटेना.
बॅगेसकट परत खोलीत गेली. कडी लावलीन. मी बाहेर बसल्ये, पिठलं निवून गेलं.