कन्सेप्टा आत्याची कॉफी

किलद्रम, जिल्हा लायट्रिम
२८ डिसेंबर

ती. अट्रॅक्टाताईस,

मलाखीचा नमस्कार. तुझा गुडघा, भावोजींचा रक्तदाब आणि टोरँटोची थंडी, तिन्ही आटोक्यात असोत. इकडे पाऊस आहे. माणसं धडधाकट आहेत. कन्सेप्टा आत्या जरा जास्तच, म्हणून तर हे पत्र.

यंदा ख्रिसमसचं जेवण आमच्याकडे होतं आणि पेयांची जबाबदारी ब्रोनाने माझ्यावर टाकली. ("तेवढं तरी जमेल ना?" म्हणाली. चौदा वर्षांच्या संसारात तिने माझ्यावर दाखवलेला हा सर्वांत मोठा विश्वास.) पण आपली माणसं तुला ठाऊकच आहेत. फर्गसकाकाला सीमेच्या दक्षिणेकडचीच व्हिस्की लागते. उत्तरेची बाटली घरात दिसली तर तो बाहेर गाडीत जाऊन बसतो. माझे सासरे उत्तरेतल्या अँट्रिमचे, त्यांचं नेमकं उलट. आत्याने तर बाराव्या वर्षी न पिण्याची शपथ घेतली, ती साठ वर्षं पाळली, आणि त्या शपथेचा बिल्ला कोटावरून कधी उतरवला नाही. त्यातून काकाशी तिची सात वर्षं बोलचाल बंद. आजीच्या अंत्यविधीला तिने काकाची बाटली मोरीत ओतली होती ना? आजोबांनी मरताना त्याच्यासाठी राखून ठेवलेली ती.

दुकानदार पॅकीला मी ही सगळी वंशावळ ऐकवली. तो म्हणाला, "दोन्हीकडच्या घे, आणि त्यांची एकमेकांशी ओळख करून देऊ नकोस." मी मात्र जास्त हुशार. दोन्ही व्हिस्क्या एकत्र केल्या, त्यात साय, आटवलेलं गोड दूध, कॉफी आणि चॉकलेट घातलं. सायीखाली उत्तर-दक्षिण कोण ओळखतंय? फक्त स्वच्छ बाटली सापडेना, म्हणून ते कॉफीच्या जगमध्ये भरलं.

जेवणानंतर आत्याने जग उचलला आणि स्वतःचा पेला भरला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "मलाखी, जन्मात पहिल्यांदा काहीतरी धड केलंस रे!" (ताई, असं कौतुक ऐकल्यावर खरं बोलवतं का कुणाला?) तिने दुसरा पेला घेतला. तिसरा संपवून ती उठली ती थेट काकाशेजारी जाऊन बसली. "फर्गस, ती बाटली बाबांची होती. मला माहीत होतं, तरी ओतली. चुकलं माझं." काकाने आपल्या ताटलीतलं पुडिंग तिच्याकडे सरकवलं. मग दोघं रडली, आणि अकरा कडव्यांचं एक गाणं पूर्ण म्हणाली. कुणी अडवलं नाही.

तेव्हापासून मला झोप नाही. एका म्हातारीचं साठ वर्षांचं पुण्य मी सायीत बुडवलं!

तुझा अपराधी,
मलाखी

ता. क. खरं काम पुढेच आहे. सहा जानेवारीला, घरकामाला सुट्टी देऊन बायका जमतात त्या 'बायकांच्या ख्रिसमसला', आत्याकडे चर्चच्या दारूबंदी मंडळाची बैठक आहे. तिने 'त्या कॉफी'चे दोन जग मागितलेत. ती फक्त तुझंच ऐकते. तेव्हा आधीच फोन करून तिला खरं काय ते सांग. माझं नाव घेऊ नकोस.

ता. क. २. अट्रॅक्टा, मी आत्या. पत्र टपालात टाकायला ब्रोनाने माझ्याकडे दिलं. उकळत्या किटलीजवळ ठेवलं तर पाकीट आपोआप उघडलं. अगं, पहिल्याच घोटाला कळलं होतं मला. पण चहा पिऊन माफी मागितली असती तर फर्गसने जन्मभर ऐकवलं असतं. आता म्हणतो, बिचारीला चढली होती. फादरपाशी कबुली दिली आहे. पाप मलाखीच्या नावावर घातलं. तू सहा तारखेपर्यंत फोन करू नकोस. मंडळातल्या आणखी दोघींची भावांशी बोलचाल बंद आहे.