झाकणाबाहेरचे पापड

ता. ४ एप्रिल ७१
सहकारी भांडारानं आमचे पापड परत धाडले. चौघी बायकांची आठ दिवसांची लाटणी. दोष काय, तर पापड मोठे! उडीद वाईट न्हाई, खार जास्ती न्हाई, मोठे. दुकानातला माणूस डब्याचं झाकण घेऊन बसलेला. कड झाकणाबाहेर आली की पापड बाजूला. जास्ती दिलं म्हणून बोलणी आजच खाल्ली.
धाकटी जाऊ गंगू रडली. म्हनलं, तिकडं तोंड करून रड, पापड ओले व्हतील.

ता. ६
वाणी मोतीशेट दारात. "काकू, भांडारानं पाच गावांत दुकानं काढली, आमा वाण्यांचं गिऱ्हाईक नेलं. आता तुमच्यावर आलं. आमी वर तक्रार करतोय, तुमी बी सही द्या."
म्हनलं, "शेट, तीन वर्सं तुमी 'बघू' म्हनत आमचा एक पापड घेतला न्हाई. भांडारानं घेतला."
शेट गेले. सही दिली न्हाई. पण माणूस अगदीच खोटं बोलत नव्हता.

ता. ९
चौघींत अक्षर मलाच येतं, तेबी दुसरीपातूर. भांडाराला पत्र लिवलं. 'झाकण मोठं करा, न्हाईतर तुमी लाटा.' नात म्हनली, आज्जी, शेवटचं खोड. खोडलं न्हाई.

ता. १५
नगरला भांडाराच्या कचेरीत. म्यानेजर तरणा, चष्मेवाला. भांडार बायांना नाडतं असं शेटनं पेपरात छापून आणलंय, म्हणून मला चहा मिळाला.
"आजी, पिशव्या छापून आल्यात, पाची दुकानांना एकच माप, त्या झाकणाएवढं. मोठा पापड आत मोडतो. गिऱ्हाईक चुरा घेऊन परत येतं." एक पिशवी माझ्या हातात दिली. नुसता चुरा. आमचाच, मागल्या खेपेचा.
तरी म्हनलं, "हे पीठ मळायच्या आदी सांगायचं हुतं."
"ते चुकलं आमचं," म्हनला. चष्मा काढून म्हनला. मला वाटलं, एवढ्यावर मिटलं.

ता. २२
मिटलं कुठलं. सगळ्या दुकानांच्या दारावर छापील कागद. 'टीकेचा विचार केला आहे. यापुढे माल घ्यायचा की परत करायचा, हे पापड करणाऱ्या भगिनींपैकीच एक ठरवील.' खाली माझं नाव. मला कुणी इचारलं न्हाई.
हुशार हाय चष्मेवाला. शिव्या खायला माझं तोंड पुढं केलं.
शेट दुकानातनं वरडले, "काकू, आता तुमीच भांडार!"
गंगू म्हनली, "सासूबाईंनी कड पोळपाटाला भिडवायला शिकवली. मी माप मोडणार न्हाई. मोडायचं तर तुमी मोडा, जाऊबाई."
न्हाई म्हणावं तर झाकणवाला परत बसंल, त्याला पापडातलं ओ का ठो कळत न्हाई. व्हय म्हणावं तर...

ता. २५
भांडारानं झाकण माझ्या घरी धाडलं. सकाळी पहिली गंगूच आली. फडक्यात बांधलेले पापड माझ्यापुढं ठेवले. हे परत गेले तर पुन्यांदा लाटणं हातात धरणार न्हाई म्हनली. तिचा हात मला ठावा हाय. कड बाहेर जाणार. घेतले तर उरलेल्या दोघी इचारतील, आमीच का बारीक लाटायचे?
"मोजा. मी बसते."
बसली. चहा दिला. पिऊन झाला, कपबशी इसळून ठेवली, परत येऊन बसली. मी हे लिहितेय. फडक्याची गाठ आजून सोडलेली न्हाई.