क्यूटीचं माप

३ मार्च
आज दुकानात चक्कर आली. चक्कर कसली, गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेता घेता सरळ आडवा झालो. टेप त्याच्या गळ्यात तसाच. बायको बटणं आणायला बाजारात गेली होती म्हणून वाचलो, नाहीतर तिने गल्ली गोळा केली असती. शेजारच्या इस्त्रीवाल्याने दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी छातीला वायरी लावून ईसीजीची पट्टी काढली. म्हणाल्या, क्यूटी लांब आहे. मला आधी वाटलं, कुणाला तरी लाडाने हाक मारतायत. तर क्यूटी म्हणजे एक ठोका दिल्यावर हृदय पुढच्यासाठी तयार व्हायला जो वेळ घेतं तो. माझं जास्त घेतं. त्यात ताल बिघडला की माणूस कोसळतो. कधीकधी उठतच नाही. पळताना, पोहताना धोका जास्त. हे रक्तातून येतं म्हणे, तेव्हा मुलीचा ईसीजी उद्याच करा, तोवर तिला पाण्यात उतरू देऊ नका.

मग विचारलं, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का? मी म्हटलं, नाही. धाकटा भाऊ गेला तो बुडून. अचानक वेगळं, बुडून वेगळं.

४ मार्च
शांतपणे विचार केला. लांब म्हणे! तीस वर्षं मापं घेतोय, मला सांगतात. आडव्या माणसाचं माप कधी बरोबर आलंय का?
निश्चय: दुसरीकडे जाऊन उभ्याने ईसीजी काढायचा. तोवर घरात अवाक्षर नाही. लेकीची पोहण्याची स्पर्धा २३ला. पोरीच्या डोक्याला उगाच ताप नको.

६ मार्च
उभ्याने काढत नाहीत. तिथला पोरगा हसला. झोपूनच काढला. लांबच, पण मागच्यापेक्षा केसभर कमी. म्हणजे आटतोय! नवं सुती कापड धुतल्यावर आटतं, तसा आटेल आपोआप.
गोळी लिहून दिलीय. आणतो सावकाश.

९ मार्च, दुपारी
दुकानात कुणी नव्हतं. ट्रायल रूमचा पडदा सरकवला तर आत धाकटा. माप द्यायला उभं राहतात तसा, हात अंगापासून जरा लांब. केसांतून पाणी गळतंय. एकोणीसचाच अजून. मी पडदा लावून घेतला.
गोळीने भास होतात असं ऐकलंय. गोळी अजून आणलेली नाही, पण परिणाम आधीच सुरू झाला असावा.

११ मार्च
त्याला मी स्वच्छ सांगितलं होतं, जेवून लगेच पाण्यात उतरू नकोस. ऐकेल तर शपथ. पट्टीचा पोहणारा, बेडूकच म्हणायचो आम्ही त्याला. अतिशहाणा मेला. स्वतः गेला आणि आईला झुरत ठेवून गेला. लेक माझी तशी नाही. दोन तास आधी खाते. तिला काही होणार नाही.

१४ मार्च
दोरीवर लेकीचा पोहायचा पोशाख ठिबकत असतो. दिवसभर टप टप. बायकोला म्हटलं, नीट पिळत जा. ती म्हणाली, तो सकाळीच वाळून कपाटात गेलाय. मी म्हटलं, मग नळ असेल. नळ कोरडा.

१७ मार्च
सराव करून आल्यावर लेक म्हणाली, बाबा, छातीत फडफडल्यासारखं झालं, डोळ्यांपुढे अंधारी आली. मी म्हटलं, परीक्षेचं टेन्शन. लिंबू सरबत दिलं. तिला बरं वाटलं. माझ्या मात्र सुईत दोरा जाईना.
उद्या सांगायचं. म्हणजे सांगायचंच.

१८ मार्च
सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिच्या सरांचा फोन. पहिला नंबर नक्की म्हणे. बायको नाचायचीच बाकी होती. अशा वेळी सांगणं बरं दिसत नाही.
नवा निश्चय: २३ला संध्याकाळी. बक्षीस घेऊन घरी आली की.

२२ मार्च
ट्रायल रूम बंद केली. गिऱ्हाइकांना म्हणतो, आरसा तडकलाय.

२३ मार्च
कसं लिहू? तलावावर पालकांच्या बाकावर माझ्या शेजारची जागा रिकामी होती. भोंगा वाजला, पोरींनी उड्या टाकल्या, आणि शेजारून कुणीतरी ओल्या अंगाने उठून पाण्याकडे निघालं. मी पाठोपाठ धावलो. अरे थांब, ती माझी आहे रे, असं ओरडलो म्हणे. आणि बुटांसकट उडी मारली.
मला पोहता येत नाही हे पाण्यात गेल्यावर आठवलं.
सगळ्यांच्या पुढे होती ती. शर्यत सोडून मागे फिरली, माझी कॉलर धरली आणि मला काठाला आणलं. माझं एवढं वजन तिने ओढलं. काठावर धापा टाकत बसली, ओठ पांढरेफटक. त्या ओठांकडे बघून मी चारचौघांत सगळं बडबडलो. क्यूटी, रक्त, धाकटा. बायकोने मला टॉवेलसुद्धा दिला नाही.

२४ मार्च
लेकीची पट्टी काढली. लांब. माझ्याहून लांब. बापावर गेली. गोळी आजपासून, पोहणं बंद.

डॉक्टरीणबाईंना या वेळी धाकट्याचं सांगितलं. म्हणाल्या, पट्टीचा पोहणारा शांत पाण्यात असा गेला, तर बहुतेक हेच असणार. जेवणाचा काही संबंध नाही. म्हणजे त्याचं काहीच चुकलं नव्हतं. इतकी वर्षं मनातल्या मनात त्याला शिव्या घालतोय मी.

मग त्यांनी माझ्या जुन्या कागदावरची तारीख पाहिली. माझ्याकडे पाहिलं. लेक पडद्यामागे कपडे सारखे करत होती. डॉक्टरीणबाईंनी कागद घडी करून माझ्या हातात दिला.

घरी येताना बसमध्ये लेकीने विचारलं, बाबा, तुम्हाला हे कधी कळलं? मी म्हटलं, परवाच.
तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. बरं झालं बाबा, लगेच सांगितलंत, म्हणाली.