क्रूसावरची दोन बोटं

सांदोमेझ, संत मार्टिनच्या सणाच्या आदल्या दिवशी, १३६१

प्रिय स्वेन्तोख्नाताई,

उन्हाळ्यापासून एक ओळही धाडली नाही, रागावू नकोस. मी बरा आहे. न्यायाधीशांबरोबर गावोगाव हिंडून पाठ तेवढी धरली आहे. आईचा खोकला कसा आहे?

आज दोब्येखना नावाच्या विधवेने पाणचक्की आपलीच असल्याची शपथ घेतली. शपथ पुरी होण्याआधी क्रूसावरची दोन बोटं उचलली गेली तर दावा बुडतो, तुला ठाऊक आहेच. नेमका मधेच तिला खोकला आला.

"बोट उचललं! म्हातारी हरली!" त्याच चक्कीवर हक्क सांगणारा सरदार ओरडला.

"बोट थरथरलं मेल्या, जीभ नाही!" दोब्येखना कडाडली.

न्यायाधीश माझ्याकडे वळले. "लेखनिकबुवा, तुम्ही जवळ होतात. काय पाहिलंत ते सकाळी सांगा."

"प्रागला शिकलेत ते, डोळे तिथेच ठेवून आले नाहीत म्हणजे मिळवली," सरदार हसला.

ताई, बोट उचललेलं मी पाहिलं. राजाने सरदाराला आणि विधवेला एकच कायदा लावला, तेव्हा मी केवढा हरखलो होतो! आता खोटं बोललो तर तो कायदा मीच मोडतो. खरं बोललो तर ऐन हिवाळ्यात ती उघड्यावर येते.

आईला यातलं काही सांगू नकोस.

तुझा थकलेला धाकटा,
ग्न्येवोश

उद्या: जे पाहिलं ते सांगून, तिला पुन्हा शपथ घेऊ द्यावी म्हणून न्यायाधीशांपुढे गुडघे टेकायचे.