ललितच्या नावाची मूठ

मेहरूण, जळगाव
१२ जुलै २०२५

ती. ताईबाई अक्कांना धाकट्या जावेचा वाकून नमस्कार. नानांनाही सांगा.

फोन सोडून पत्र आलं म्हणून दचकू नका. मिशनच्या शाळेत सिस्टर अक्षर वाकडं आलं की पट्टी मारायच्या, त्याचं आज सार्थक होतंय. सांगायचं इतकंच, की तुमच्या ललितशी फोनवर बोलताना तो जिथे नोकरीला आहे त्या जनरलसाहेबांचं नावही काढू नका. त्या देशाचं सरकार बाहेरून येणारे फोन ऐकतं म्हणे.

साहेब सैन्य सोडून बंडखोरांना जाऊन मिळाले, असं बाहेरचे पेपर म्हणतात. तिथला सरकारी टीव्ही मात्र ते घरीच आहेत म्हणून सांगतो. आमच्या हितेंद्रने मला मोबाईलवर दाखवलं. साहेब बागेत गुलाबांना पाणी घालताहेत, आणि मागे चहाचा ट्रे घेऊन त्यांचा स्वयंपाकी, म्हणजे आपला ललित! डोळे भरून आले हो. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तेच गुलाब, तोच ट्रे, तारीख तेवढी नवी.

तुम्हाला त्याचे मेसेज येतात ना? लिहा. तुमची माया कमी पडू देऊ नका.

तुमची,
कामिनी

दोंडाईचा
१७ जुलै २०२५

चि. सौ. कामिनीस पोटभर आशीर्वाद. हितेंद्रला पापा.

तुझं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. नानांचा चष्मा लावून वाचलं.

मेसेज रोज येतो. मजेत शे, साहेब मजेत शे, वेळेवर जेव. पण कामिनी, आधी तो बोलून पाठवायचा. तिथल्या मिरचीला तिखट नाही म्हणून भांडायचा, मध्येच खोकायचा. आता नुसती अक्षरं. मी फोन केला तर उचलत नाही, मग कामात आहे म्हणून लिहून येतं.

त्याच्याबरोबर गेलेला समाधान परत आला. तो सांगतो, बंगल्याला कुलूप शे, बाग वाळून कोळसा झाली, आणि नोकरमाणसांना बठ्ठ्यांना, एकालाही न सोडता, शिपायांनी ट्रकमध्ये घालून नेलं. नाना त्याच्यावर ओरडले, उगाच काहीतरी सांगत फिरतो म्हणाले. रात्री जेवले मात्र नाहीत.

आता कानबाईचा सण आला. देवीच्या प्रसादाच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचे, तुला ठाऊकच शे. ललितची मूठ घेऊ की नको? तो नसला आणि घेतली तर पाप. असला आणि नाही घेतली, तर आईनंच त्याला घरातून काढल्यासारखं. हात सुपावर थांबतो. मी त्यालाच विचारणार शे.

तुझी,
अक्का

मेहरूण
२१ जुलै

ती. अक्कांना नमस्कार.

विचारू नका, हात जोडते. आत्ता निदान उत्तर येतंय. विचारलंत तर उत्तर काय येईल, याचीच मला भीती वाटते.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या कानबाईला ललित एवढासा होता. मला रोटाचं काही माहीत नव्हतं. मी दूधवाल्या बाईला तुकडा देऊ लागले, तर यानेच माझा पदर ओढला. रोट भाऊबंदकीबाहेर जात नाही काकू, असं मला बजावलं. तुम्ही सगळ्या किती हसलात! आठवतंय ना?

तुमची,
कामिनी

दोंडाईचा
२६ जुलै

चि. कामिनीस आशीर्वाद.

तुझं पत्र यायच्या आधीच विचारून बसले. लिहिलं, रोटात तुझा वाटा धरते, त्याचं काय करू. लगेच उत्तर आलं, की शेजारच्या मगनच्या पोरांना वाट, मित्रांना दे, उरला तर पार्सलनं पाठव.

नानांनी वाचलं, चष्मा काढला आणि ओट्यावर जाऊन बसले. मी काय ते समजले. लिहिणारा माझ्या पोटचा नाही.

पण मी त्याला लिहिलं, बरं बेटा, वाटते. काय करू? तू कोण शे असं विचारलं, तर माझ्या पोराचं काय करतील? तिथल्या सरकारला ललित जिवंत दाखवायचा शे, तोवर कदाचित ठेवतीलही जिवंत. म्हणून रोज जेवलास का विचारते. तो जेवलो म्हणतो. तूही लिही त्याला, लग्नावरून रागव. कोणाला कळता कामा नये की आपल्याला कळलं. हे पत्र चुलीत घाल.

कानबाईला सगळे या.

तुझी,
अक्का

मेहरूण
६ ऑगस्ट

ती. अक्का, नानांना आणि तुम्हाला नमस्कार.

गाडी वेळेवर पोचली. तुम्ही ललितची मूठ घेतलीत तेव्हा हात सुपावर थांबला नाही. मला तुमचा अभिमान वाटला. पण गाणी चालू असताना फोन वाजला. तुम्ही पिठाचे हात पुसून मेसेज वाचलात आणि हसलात. ते हसू खोटं नव्हतं, अक्का. मला तिथे बसवेना.

तुमच्या सांगण्यावरून काल मीही लिहिलं, आता मुली पाहू का म्हणून. क्षणात उत्तर आलं, काकू, पाहा, पण तुमच्याइतकी शिकलेली नको, माझ्या चुका काढेल. मी मोठ्याने हसले. हितेंद्रने विचारलं, कोण गं? मी ललित म्हणाले. अडखळले नाही.

आज दिवसभर एकच विचार मनात घोळतोय. एखाद्या संध्याकाळी आपला पोरगा खरोखर दारात येऊन उभा राहिला, आणि त्याच वेळी फोनवर मजेत आहे असा मेसेज आला, तर तुम्ही आधी कोणाकडे पाहाल?

रागावू नका. माया असू द्या, त्याच्यावर आणि माझ्यावर.

तुमची,
कामिनी