खिडकीकडची खुर्ची

३ मार्च
पोचलो एकदाचे, मी आणि माझी चिऊ! दोनशे वर्षांची हवेली, ज्या खिडकीत जावं तिथे समुद्र. पुढच्या महिन्यात ती लोकांना बघायला खुली होणार. त्याआधी जेवणाच्या दालनातल्या बारा खुर्च्यांच्या गाद्या मी नव्याने भरायच्या. चिऊ सहा वर्षांची, शाळेला सुट्टी, म्हणून बरोबर आणलं. जिन्याचा रुंद कठडा बघून तिच्या अंगात वारंच शिरलं. हवेली सांभाळणाऱ्या मावशी कौतुकानं म्हणाल्या, किती वर्षांनी इथे पोराचा आवाज आला.

४ मार्च
चार खुर्च्या उसवल्या. आत घोड्याचे केस, अजून ताठ. जुन्या कारागिराला मनातून दाद दिली. खिडकीकडची खुर्ची मात्र ओली. बोट लावून जिभेवर टेकवलं, खारट! खिडकी तर खिळे ठोकून बंद केलेली. मावशी म्हणाल्या, अकराच करा, तिला हात लावू नका. मालकांची धाकटी मुलगी तिथे बसायची. एकदा पोहायला गेली ती परतलीच नाही. आई मरेपर्यंत तिचं ताट मांडत राहिली.

६ मार्च
अकरा नव्या आणि एकच जुनी राहणार, हे मनाला खुपत होतं. काल मावशींच्या नकळत तीही उसवली. आत घडी घालून कोंबलेला लहान मुलीचा झगा. ओलाचिंब. टाकून दिला, कापूस भरला, मखमल ठोकली. आज खुर्ची खडखडीत कोरडी. चिऊ तिच्यावर बसून पाय हलवत होती.

७ मार्च
चिऊ जेवत नाही. म्हणते, खाली दालनात जेवले. कुणाबरोबर? तर म्हणे, आईबरोबर. अगं, आई मी ना?
तिचे केस ओले. अंघोळ तर अजून —

८ मार्च
मावशींना सगळं सांगितलं. त्या मुलीच्या आईनंच तो झगा आत शिवला होता म्हणे, पोरीची जागा राहावी म्हणून. तुम्ही ती रिकामी केलीत, म्हणाल्या, आणि चिऊ तिथे बसली.
गाडी आणायला गावात धावल्या आहेत. तोवर चिऊला नजरेआड —

दुपार
मावशी अजून नाहीत. कडी लावलीय. चिऊ मांडीवर. केस किती पुसले, पाणी गळतंच —
खाली ताटं मांडतंय कुणीतरी.
बाईचा आवाज. हाक मारतेय. भलत्याच नावानं —
चिऊला एका हातानं घट्ट धरलंय. किती गार पडलीय —
पुन्हा हाक. चिऊनं मान वर केली. दाराकडे बघून हसली, म्हणाली, "आले, आ —