शाईचं बोट

दि. २ मार्च

चि. शाईमहाराजांस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

छापखान्यात एवढे कागद पडलेले असतात, पण बहिणीला चार ओळी लिहायला तुला एकही मिळत नाही. असो. आई बरी आहे. पायाची जखम हळूहळू भरते आहे. दवाखान्यातल्या नर्सबाई एक दिवसाआड घरी येऊन पट्टी बदलतात.

त्याच नर्सबाई यंदा आपल्या वॉर्डातून उभ्या आहेत. समोर कंत्राटदार आहे. तो निवडून आला तर दवाखाना बंद करून तिथे दुकानांचे गाळे काढणार, हे त्यानं लपवलेलंही नाही. तुझं नाव अजून इथल्याच यादीत आहे. एका मतानं काय होतं, हे तुझं पालुपद मला पाठ आहे. तरी येत्या रविवारी सातची बस धर आणि मत देऊन जा. मला यंदा निवडणुकीची ड्यूटी लागलेली नाही, तेव्हा घरी गरम जेवायला वाढीन.

येशीलच असं धरून चालते.
तुझी ताई

दि. १० मार्च

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

मत देऊन गेलो. परतीची बस लगेच होती, म्हणून घरी डोकावता आलं नाही. आपल्या जुन्या शाळेत पाऊल टाकून बरं वाटलं. रांग बरीच होती. शाई लावायला एक जाडे मास्तर बसले होते. माझी बोटं पाहून त्यांनी कपाळाला हात लावला आणि विचारलं, की छापखान्याच्या या शाईत आता सरकारी शाई लावायची कुठे.

एका मतानं काही उलथापालथ होत नाही, हे मी अजूनही म्हणेन. पण तुझा शब्द मोडवेना. आईला नमस्कार सांग.

राग नसावा, माया असावी.
तुझा धाकटा

दि. १४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

निकाल लागला. नर्सबाईंना सहाशे बारा मतं पडली आणि कंत्राटदारालाही सहाशे बारा. पुन्हा मोजली, तरी तेवढीच. मग चिठ्ठ्या टाकल्या आणि कंत्राटदाराची निघाली. दवाखाना महिनाअखेर बंद होणार.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. जाड्या मास्तरांवर ती खूप हसली. काल नर्सबाई आल्या तेव्हा तिनं ते त्यांच्या हातात दिलं आणि सांगितलं, की तुमच्यासाठी माझा मुलगा दोन तासांवरून आला होता. वाचताना त्यांचे डोळे भरून आले. एवढ्या लांबून माणसं आली, मीच कुठेतरी कमी पडले, असं म्हणून त्यांनी पत्राची घडी नीट घालून परत दिली.

तुला कळवावंसं वाटलं. तब्येतीला जप.
ताई

दि. १९ मार्च

ती. ताईस,
कृ. सा. न.

ताई, मी आलो नव्हतो.

त्या दिवशी सहाला उठलो, पिशवी भरली, स्टँडवर गेलो. बस भरलेली होती आणि दोन तास उभं राहणं जिवावर आलं. माझंच पालुपद मी मला ऐकवलं आणि खोलीवर परत येऊन झोपलो. चांगली गाढ झोप लागली, हे लिहितानाही लाज वाटते. रांग, मास्तर, सगळं खोटं. बोटांना होती ती छापखान्याची शाई. तुझं पत्र आल्यापासून ती साबणानं घासत बसतो. सहाशे तेरा हा आकडा डोळ्यांसमोरून हलत नाही. कमी पडलो मी, आणि दोष त्या स्वतःकडे घेताहेत.

तुझ्यापुढे मान वर करायची सोय राहिली नाही. एवढी भीक घाल, आईला सांगू नकोस.

तुझा म्हणवून घ्यायला लाजणारा,
धाकटा

दि. २४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

मला माहीत होतं. रविवारी सकाळी एक शिक्षिका आजारी पडल्या, म्हणून ऐनवेळी मला बोलावलं आणि शाईच्या बाटलीशी बसवलं. आपल्याच शाळेत. दिवसभर प्रत्येक बोटाला शाई मीच लावली, आईच्यासुद्धा. तुझे जाडे मास्तर वाचून आधी हसू आलं, मग तळपायाची आग मस्तकात गेली. आईला वाटलं, मी जेवायला उठले असेन तेवढ्यात तू येऊन गेलास. मी जेवायला उठलेच नव्हते. तू यायचास आणि मी जागेवर नसायची, म्हणून.

मागचं पत्र तुला टोचावं म्हणूनच लिहिलं. पण माझं त्यात काही लिहिलं नव्हतं, ते आता लिहिते. गर्दी ओसरली की देऊ म्हणून मी माझं मत मागे ठेवलं होतं. शेवटचा अर्धा तास दाराकडे बघण्यात गेला. वेळ संपली, पेटी सील झाली, आणि घरी हात धुताना आठवलं. बाटली गळत होती, पाचही बोटं काळी झाली होती, त्यामुळे माझं मत राहिलं हे कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. हा गाफीलपणा सर्वस्वी माझा, त्याचं खापर तुझ्यावर फोडत नाही. पण नर्सबाईंचे डोळे भरले तेव्हा मी शेजारी उभी होते आणि गप्प राहिले, याची फार लाज वाटते.

काल मी त्यांना माझं सांगून टाकलं. त्यांनी मान वर केली नाही. पट्टी मात्र नेहमीसारखीच हलक्या हातानं बांधली. आई सगळं ऐकत होती. त्या गेल्यावर एवढंच म्हणाली, की निदान धाकट्यानं तरी घराची लाज राखली.

तुझं मी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. तुझं पत्र ती उशीखाली ठेवते आणि आल्यागेल्याला वाचायला देते. मला ते तिच्याकडून काढून घेववत नाही. येत्या रविवारी नर्सबाई शेवटची पट्टी बदलायला येतील. सातच्या बसला उभं राहावं लागलं तरी ये, आणि ते पत्र तूच तिच्याकडून मागून घे.

जेवायला थांबेन. तुझ्याइतकीच चुकलेली,
ताई